बोटाला आधी कळतं

डॉक्टरबाई दिवा बाजूला सारतात, डोळे अर्धवट मिटतात आणि म्हाताऱ्याच्या टकलावरून मधल्या बोटाचं टोक हळूहळू फिरवत नेतात. पिठात खडा लागावा तसं बोट मध्येच थांबतं. "इथे." मी पेनने बारीक गोल करते. बघायला गेलं तर तिथे जरासं गुलाबी, एवढंच. हात लावला की पॉलिश पेपर.

बंडाबर्गच्या आसपास जिकडे बघावं तिकडे ऊस. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या या गावात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा वाटलं, सांगलीकडेच परत आले की काय. फरक कळला तो कातडीवरून. आमच्याकडे उन्हात राबलेला शेतकरी काळवंडतो. इथला, ज्याचे पणजोबा स्कॉटलंड-आयर्लंडच्या ढगाळ हवेतून आले, तो खरबरीत होतो. आपली मेलॅनिनची छत्री त्याच्याकडे तुटपुंजी. अतिनील किरण पेशींच्या डीएनएत बिघाड करत राहतात, आणि तिशीत खाल्लेल्या उन्हाचा हिशेब साठीत टक्कल, कान, मनगट यांवर निघतो. कागदोपत्री या खरबरीत डागाला सोलर केरॅटोसिस म्हणतात, गावात सनस्पॉट. बहुतेक डाग आयुष्यभर तसेच राहतात, काही आपोआप जातातही. थोड्यांचा मात्र कॅन्सर होतो, आणि नेमक्या कुठल्यांचा ते आधी सांगता येत नाही.

म्हणून गोठवायचे. लिक्विड नायट्रोजन, उणे 196 अंश. तो भरताना मला अजून वडिलांचा गोठा आठवतो. म्हशीसाठी रेतनाच्या कांड्या घेऊन डॉक्टर यायचे, कॅनचं झाकण उघडलं की असाच धूर जमिनीवरून सरपटत जायचा आणि आम्ही पोरं त्यात पाय घालायला धावायचो. इथे तोच नायट्रोजन थर्मासएवढ्या स्टीलच्या डब्यात भरतात, वर बारीक तोटी. खटका दाबला की फिस्स. डाग पांढरा होतो, पांढरेपणा कडेपर्यंत पोचून मिलिमीटरभर बाहेर सरकतो, तिथून मनात पाच-सात आकडे मोजायचे. कमी मोजले तर डाग परत येतो, जास्त मोजले तर व्रण राहतो. रंग तयार करणाऱ्या पेशी तर फारच नाजूक, बाकीच्यांच्या आधी मरतात. माझ्या अंगठ्यावरची चामखीळ इथेच गोठवली होती. चामखीळ गेली, पांढरा ठिपका आहे. म्हाताऱ्याच्या गोऱ्या टकलावर तो कुणाला दिसणारही नाही.

डाग दोन-चार असतील तर हे ठीक. पण सगळं कपाळच खरबरीत असेल तर फ्लुरोयुरॅसिलचं मलम. दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे, शक्यतो जून-जुलैत, कारण इथे तेव्हा हिवाळा. हे समजावून सांगणं माझ्याकडे. पहिला आठवडा काहीच होत नाही, माणूस म्हणतो नर्स उगाच घाबरवते. दुसऱ्या आठवड्यात चेहरा पेटतो. जिथे काही नव्हतं तिथेही लाल चट्टे उमटतात, कारण बिघडलेल्या पेशी मलमाला सापडतात, आपल्याला दिसत नाहीत. तिसऱ्यात खपल्या. सुरुवातीला मी एकाला नुसतं "थोडं लाल होईल" म्हटलं होतं. त्याने नवव्या दिवशी ॲलर्जी समजून मलम कचऱ्यात टाकलं. तेव्हापासून आधी फोटो दाखवते, सर्वांत भयंकर तोच. शिवाय कुत्रं आहे का हे विचारते. ट्यूब चावलेलं कुत्रं मरू शकतं, आणि इथे कुत्रं नसलेलं घर विरळा.

आजचे आजोबा चौऱ्याऐंशीचे. 1981 साली टीव्हीवर उन्हापासून जपायच्या जाहिरातीत सिड नावाचा सीगल 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' करत नाचायला लागला, तेव्हा हे चाळिशीच्या आसपास होते. "आता सनस्क्रीन लावून काय उपयोग?" असं ते दर खेपेला विचारतात. मी नॅम्बोरचं सांगते. आमच्या दक्षिणेचं, तेव्हा तेही उसाचंच गाव. 1992 ते 1996 तिथल्या लोकांपैकी काहींना रोज सनस्क्रीन लावायला दिलं, बाकीच्यांना मर्जीवर सोडलं. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कॅन्सरच्या, म्हणजे या डागांतून होतो त्या कॅन्सरच्या, गाठी सुमारे 40 टक्के कमी निघाल्या. आजोबा मान डोलावतात. टोपी मात्र कॅपच घालून आलेले असतात, कान उघडे.

टकलावरचे अकरा गोल झाले. डॉक्टरबाईंचं बोट उजव्या कानाच्या कडेवर जातं. इथेही गाडी उजवीकडे बसून चालवतात, खिडकीचं ऊन त्याच कानाला. बोट थांबतं, दाबतं. आजोबा अंग चोरतात. मी डबा पुढे करते, पण त्या घेत नाहीत. चिमटीत धरून खालून चाचपतात. पॉलिश पेपराच्या खाली काहीतरी जाड लागतंय, आणि दुखतंय. गोठवलं तर पुरावाच जाईल.

"लिग्नोकेन काढ," त्या म्हणतात.

भूल देऊन काढलेला तुकडा मसुराएवढा. फॉर्मॅलिनमध्ये तळाशी जाऊन बसला. मी बरणीवर चिठ्ठी चिकटवते आणि लिहिते: उजवा कान, वरची कड.