एका पातेल्याची सकाळ

महाराष्ट्रातील शहरांमध्ये घराबाहेर न्याहारी करण्याची सवय विसाव्या शतकात रुजली आणि ती मुख्यतः पाचसहा टेबलांच्या, एकाच कुटुंबाच्या हाती असलेल्या उपाहारगृहांनी पोसली. इराणी आणि उडपी हॉटेलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मिसळीच्या दुकानांच्या वाट्याला मात्र स्तुती अधिक आणि अभ्यास कमी आला. ठाण्यात मामलेदार कचेरीलगत, म्हणजे आज ज्याला तहसीलदार म्हणतात त्या महसूल अधिकाऱ्याच्या कार्यालयाशेजारी, १९४६ साली सुरू झालेले दुकान, पुण्यात नारायण पेठेतील मुंजाबाच्या बोळात १९४८ पासून चालत आलेले बेडेकरांचे दुकान किंवा कोल्हापुरात उद्यमनगरच्या यंत्रशाळांच्या वस्तीत नावारूपाला आलेली फडतऱ्यांची मिसळ, या सर्वांची चव एकमेकींपासून दूर असली तरी त्यांची घडण एकाच गोष्टीने ठरली आहे: पहाटे एकदा चढवलेले पातेले आणि ते संपेपर्यंतचा वेळ.

मिसळीत मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण किंवा चिवडा, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि या सर्वांवर ओतलेला तिखट, पातळ रस्सा असतो. हा रस्सा कोल्हापुरात कट म्हणून, तर पुण्यात बहुधा सँपल म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या लाल तेलाला तर्री म्हणतात. पुण्यात तळाशी पोहे किंवा बटाट्याची भाजी येते, कोल्हापुरात सोबत पावाऐवजी ब्रेडचे काप मिळतात आणि नाशिककडे काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर पापड व दही पुढे येते. मिरची, बटाटा आणि पाव या तिन्ही गोष्टी पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या संपर्कानंतरच्या आहेत, त्यामुळे या पदार्थाला फार प्राचीन ठरवण्याचा मोह आवरलेला बरा.

मटकी हे कमी पावसाच्या भागात तग धरणारे कडधान्य असून तिला मोड आणण्यासाठी ती आठदहा तास भिजवावी लागते आणि मग निथळून, ओल्या फडक्यात बांधून आणखी अर्धा-एक दिवस उबेला ठेवावी लागते. म्हणजे रविवारी सकाळी ताटलीत येणारी मटकी शुक्रवारी रात्रीच पाण्यात पडलेली असते आणि थंडीत मोड सावकाश येत असल्याने हा हिशेब आणखी मागे सरकतो. गिऱ्हाईक किती येईल याचा अंदाज मालकाला दीड-दोन दिवस आधी बांधावा लागतो. जास्त भिजवली तर मोड लांबून मटकी कडवट व आंबूस होण्याचा धोका असतो, कमी भिजवली तर दहा वाजताच लोकांना परत पाठवावे लागते. शाळांच्या सुट्ट्या, लग्नतिथी, एकादशी, पेठेतल्या गणपतीची मिरवणूक हे सर्व त्या अंदाजात मिसळलेले असते आणि हे ज्ञान कागदावर क्वचितच उतरते.

पातेल्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे कसब याहून सूक्ष्म आहे. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र सहज विरघळते, आणि मिरचीचा लाल रंगही तेलातच उतरतो; म्हणून रंग व झणका दोन्ही तर्रीबरोबर वर येऊन राहतात. ‘तिखट’ अशी ऑर्डर आली की डाव पृष्ठभागावरून आडवा फिरतो. ‘मध्यम’ म्हटले की वाढपी तर्री हलकेच बाजूला सारून डाव खोल बुडवतो आणि खालचा रस्सा उचलतो. एकाच पातेल्यातून निरनिराळ्या तिखटाच्या ताटल्या भरण्याची ही युक्ती पाहण्यासारखी असते. सकाळ जसजशी चढते तसतशी वरची तर्री कमी होत जाते आणि मंद आचेवर राहिलेला रस्सा आटून दाट होतो, त्यामुळे सात वाजताची मिसळ आणि अकरा वाजताची मिसळ तंतोतंत एक नसते. जुनी गिऱ्हाइके आपापली वेळ सांभाळून येतात ती यामुळेच. दही मागणाऱ्यांचेही बरोबरच आहे, कारण दुधातील केसीन नावाचे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते आणि जिभेची आग शमते, जे पाण्याने होत नाही.

दुकानाच्या पाटीवर आडनाव कुटुंबाचे असते आणि गल्ल्यावर बहुधा पुरुष बसतो. परंतु सुके खोबरे, धणे, तीळ, कांदा आणि लसूण भाजून केलेला मसाला बऱ्याच ठिकाणी घरच्या बायकांच्या हातून आलेला असतो. नोकर माणसे कांदा चिरतात, उसळ शिजवतात, फोडणीही देतात, पण मसाल्याचे प्रमाण घराबाहेर जात नाही, कारण तेवढी एकच गोष्ट शेजारच्या दुकानदाराला विकत घेता येत नाही. ज्या चवीसाठी लोक रांग लावतात तिचे श्रेय सासू-सुनांच्या या परंपरेला द्यायला हवे, आणि ते आजवर पुरेसे दिले गेलेले नाही.

हिशेबाची रीतही पातेल्यानेच ठरवली आहे. अनेक ठिकाणी रस्सा पुन्हा मागितला तर पैसे पडत नाहीत, जादा पावाचे मात्र पडतात. रस्सा घरचा असतो आणि त्याचा आणखी एक डाव फारसा महाग नसतो, तर पाव बेकरीतून नगावर विकत आणलेला असतो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असला तरी धंद्यासाठी १९ किलोचा, अधिक दराचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, म्हणून दिवसभर चूल पेटती ठेवण्यापेक्षा एकदाच मोठे पातेले चढवून दुपारी आवरणे परवडते. टेबल अनोळखी माणसाबरोबर वाटून घ्यावे लागते आणि खाऊन झाल्यावर रेंगाळता येत नाही, यामागेही पातेले दुपारपर्यंत संपवण्याची हीच घाई आहे.

अशी दुकाने मोक्याच्या जागी इतकी वर्षे टिकली याला चवीइतकेच भाडे कारणीभूत आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ याने प्रमाणभाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले होते. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली, पण एक कोटी वा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्यांना या संरक्षणाबाहेर ठेवले. जुन्या भाड्याच्या जागेत छोटा कुटुंबधंदा तगून राहिला तो या आधारावर. आता जुन्या इमारतींचा पुनर्विकास होताना गाळेधारकाला नव्या इमारतीत जागा मिळण्याची तरतूद असते, परंतु बांधकामाच्या काळात पातेले कुठे चढवायचे हा प्रश्न करारनाम्यात सुटत नाही. या अवधीत कारागीर दुसरीकडे कामाला लागतात, सकाळची गिऱ्हाइके दुसरी वाट धरतात आणि नव्या गाळ्याचा देखभाल खर्च मिसळीच्या भावात बसवणे अवघड जाते. काही कुटुंबांनी यावर शाखा काढून किंवा मसाल्याची पाकिटे विकून मार्ग काढला आहे, आणि तो त्यांचा हक्कच आहे. मात्र शाखेत रस्सा एका मध्यवर्ती स्वयंपाकघरातून डब्यांतून येतो, आणि डावाने तर्री बाजूला सारण्याचे काम तिथे कोणाला शिकावे लागत नाही.