ठरावातले गांधी आणि रेशनकार्डावरचा अंत्योदय

लेखमाला ‘पक्षातले पक्ष’ : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात आपण ब्रिटनच्या हुजूर पक्षातला ‘एक राष्ट्र’ गट पाहिला. १९५० साली काही तरुण खासदारांनी तो सुरू केला. गरीब आणि श्रीमंत अशी देशाची दोन राष्ट्रं होऊ द्यायची नाहीत, हे त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानात सरकारविरुद्ध गेलेल्या २१ खासदारांना याच पक्षाने एका रात्रीत संसदीय गटाबाहेर काढलं. त्यांत चर्चिल यांचे नातूही होते. उजव्या पक्षात मवाळांचं बिऱ्हाड किती कच्चं असतं, ते त्या रात्री दिसलं.

आज लंडन सोडून वर्ध्याला यायचं आहे. भारतातल्या सर्वांत मोठ्या उजव्या पक्षातल्या मवाळांनी एकदा आपला शब्द गांधींकडून घेतला, आणि त्या शब्दामागचं काम वर्ध्यात झालेलं होतं.

डिसेंबर १९३४. गांधीजी जमनालाल बजाजांकडे वर्ध्यात मुक्कामाला होते. त्या एका महिन्यात या गावात दोन गोष्टी घडल्या. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी त्यासाठी आपली बाग देऊन टाकली, तीच आजची मगनवाडी. ग्रामोद्योग संघाचं काम उभं करणाऱ्या अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन असे उद्योग नुसते मांडले नाहीत, हाताने करून तपासले. दुसरी गोष्ट २५ डिसेंबरची. मुक्कामाजवळच राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचं हिवाळी शिबिर भरलं होतं आणि गांधीजी ते पाहायला गेले. वर्ध्याचे संघचालक अप्पाजी जोशी तिथे होते. हे अप्पाजी काँग्रेसच्या कामातही वावरलेले. त्या काळच्या वर्ध्यात या दोन वाटा आजच्याइतक्या दूर नव्हत्या. दुसऱ्या दिवशी संघाचे संस्थापक डॉ. हेडगेवार गांधीजींना भेटायला आले.

शिबिराच्या त्या भेटीची आठवण गांधीजींनी स्वतः सप्टेंबर १९४७ मध्ये, दिल्लीत संघाच्या स्वयंसेवकांसमोर बोलताना सांगितली. तिथली शिस्त, साधेपणा आणि अस्पृश्यतेचा अभाव आपल्याला आवडला होता, असं ते म्हणाले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यागाला शुद्ध हेतूची आणि खऱ्या ज्ञानाची जोड नसेल तर तो समाजाला बुडवतो, असंही त्यांनी त्याच दमात बजावलं. आज ही आठवण सांगणारे बहुतेक जण अर्धीच सांगतात. कौतुक हवं असलेले कौतुक उचलतात, टीका हवी असलेले इशारा. मला दोन्ही अर्धी एकत्र वाचावीशी वाटतात, कारण पुढची सगळी ओढाताण त्या दोन वाक्यांमध्येच आहे.

चार महिन्यांनी गांधीजींचा खून झाला. संघावर बंदी आली, ती जुलै १९४९ मध्ये उठली. मार्च १९४८ मध्ये नेहरू, राजेंद्रप्रसाद, विनोबा आणि रचनात्मक कार्यकर्ते सेवाग्रामला जमले, तेव्हा संघाबद्दल सर्वांत कठोर शब्द विनोबांनी काढले. ही संघटना ज्या प्रांतात जन्मली त्याच प्रांतातला मी आहे, याची टोचणी त्या बोलण्यात होती. अशा पार्श्वभूमीवर १९५१ साली, संघाच्या कार्यकर्त्यांच्या बळावर, जनसंघ निघाला. त्याच्यासाठी गांधींचं नाव घेणं म्हणजे निखारा हातात धरणं होतं.

तरीही पक्षात दोन सूर पहिल्यापासून होते. बलराज मधोक खाजगी उद्योगांचे पक्के पुरस्कर्ते आणि हिंदुत्वाच्या भूमिकेत ताठर. वाजपेयी आघाड्यांना, समझोत्यांना तयार. १९७३ मध्ये मधोकांना पक्षातून काढलं गेलं. दुसऱ्याच वर्षी, ८ मे १९७४ ला, पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यता चूक नसेल तर जगात काहीच चूक नाही, अशा आशयाचं भाषण केलं. मग आणीबाणी, तुरुंगात समाजवाद्यांशेजारी काढलेले महिने आणि १९७७ चा जनता पक्ष. महाराष्ट्रात जनसंघाचे उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणी शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात बसले. सोबतीने माणसं बदलतात. पक्षही थोडे बदलतात.

जनता पक्ष आणि संघ अशा दुहेरी सदस्यत्वाच्या वादावर जनता पक्ष फुटला आणि ६ एप्रिल १९८० ला भारतीय जनता पक्ष जन्मला. डिसेंबरात मुंबईत वांद्र्याला पहिलं मोठं अधिवेशन भरलं. अधिवेशनाच्या जागेचं नावही समतानगर. तिथे वाजपेयींच्या नेतृत्वाखाली पक्षाने ‘गांधीवादी समाजवाद’ स्वीकारला. पूर्वाश्रमीचे काँग्रेसी न्या. छागला पाहुणे म्हणून आले आणि या पक्षात उद्याचा पर्याय दिसतो असं म्हणाले.

शब्दाचा अर्थ थोडक्यात असा. मालकी सरकारकडे नको आणि मूठभर भांडवलदारांकडेही नको. सत्ता आणि उत्पादन गावाकडे वाटलेलं असावं. ज्याच्याकडे संपत्ती आहे त्याने स्वतःला विश्वस्त समजावं. दीनदयाळ उपाध्यायांनी १९६५ साली मुंबईत दिलेल्या एकात्म मानववादावरच्या व्याख्यानांतही विकेंद्रित अर्थव्यवस्थेचा आग्रह होताच. म्हणजे विचार परका नव्हता. परका होता तो शब्द. जनसंघाचा जुना आधार छोटा व्यापारी, दुकानदार, शहरी मध्यमवर्ग. ‘समाजवाद’ ऐकला की त्याला परवाना आणि इन्स्पेक्टर आठवायचा. विजयाराजे शिंदे यांनी तर अधिवेशनातच लेखी विरोध केला. अशाने आपण काँग्रेसची नक्कल ठरू, हा त्यांचा आक्षेप होता.

माझं स्पष्ट मत आहे की मवाळांची खरी चूक इथे झाली. त्यांनी ठराव जिंकला आणि तिथेच थांबले. सेवाग्रामच्या बापूकुटीत गेलं की मातीच्या भिंती, बांबू, कवेलूंचं छप्पर हाताला लागतं. आसपास मिळेल त्याच सामानातून, शंभर रुपयांच्या आत घर झालं पाहिजे, ही गांधीजींची अट होती. तिथे विचाराला खर्चाचा आकडा होता आणि सामानाची यादी होती. वांद्र्याच्या ठरावाला यातलं काही नव्हतं. कोणत्या तालुक्यात कोणती घाणी चालवायची, कोणत्या गावात सूत कुठे जायचं, हे सांगणारा कार्यकर्ता पक्षाने घडवलाच नाही. जो शब्द शाखेत, बाजारात, बूथवर कोणी जगत नाही, तो पहिल्या पराभवात गळून पडतो. १९८४ च्या लोकसभेत पक्षाला देशभरात २ जागा मिळाल्या. १९८५ मध्ये पक्षाच्या कार्यगटाने एकात्म मानववाद पुन्हा मूळ तत्त्वज्ञान म्हणून पुढे आणला, १९८६ मध्ये अडवाणी अध्यक्ष झाले, आणि जून १९८९ मध्ये पालमपूरला रामजन्मभूमीचा ठराव झाला. मवाळ सूर माघारला.

पण सगळाच नाही, आणि हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. जनता पक्षाच्या काळात राजस्थानचे मुख्यमंत्री झालेले भैरोंसिंह शेखावत जनसंघाचेच. त्यांनी २ ऑक्टोबर १९७७ ला ‘अंत्योदय’ योजना काढली. प्रत्येक गावातली सर्वांत गरीब पाच कुटुंबं गावानेच निवडायची आणि त्यांना जमीन, पेन्शन, कर्ज, रोजगार यांतलं जे लागेल ते द्यायचं. शब्द सर्वोदयाच्या घरातला, काम साधं, मोजता येणारं. पंतप्रधान झाल्यावर वाजपेयींनी २५ डिसेंबर २००० ला अंत्योदय अन्न योजना सुरू केली : गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये. पुढे कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य ठरलं. सरकारं बदलली, अन्न सुरक्षा कायदा आला, २०२३ पासून धान्य मोफत झालं. अंत्योदय मात्र टिकला. आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात रेशन दुकानासमोर उभं राहा. पिवळ्या कार्डावर तो शब्द छापलेला दिसेल, आणि कार्ड हातात धरलेली बाई, तिला तो वाचता येत नसला तरी, आपल्या वाट्याला किती किलो येतात ते बिनचूक सांगेल. उजव्या पक्षातल्या मवाळांची यापेक्षा मोठी कमाई मला दाखवता येणार नाही.

त्यांचा सर्वांत मोठा पराभवही त्याच पंतप्रधानांच्या काळातला. गुजरातच्या दंगलींनंतर एप्रिल २००२ मध्ये अहमदाबादला राजधर्माची आठवण करून देणारे वाजपेयी आठवड्याभरात गोव्याच्या कार्यकारिणीत पक्षाच्या सुरासोबत गेले. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी देऊ केलेला राजीनामा तिथे नाकारला गेला. त्या बैठकीनंतर मवाळ गट म्हणून उरला तो स्वभाव. गट उरला नाही.

आता वर्धा. १९९६ मध्ये विजय मुडे यांच्या रूपाने भाजपने इथे लोकसभा जिंकली. २०२४ मध्ये ती जागा पक्षाने गमावली, पण विधानसभेत वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वी या चारही जागा घेतल्या. २० सप्टेंबर २०२४ ला विश्वकर्मा योजनेच्या वर्षपूर्तीसाठी पंतप्रधान वर्ध्यातच आले. कुंभार, सुतार, लोहार यांना अवजारं आणि कर्ज मिळावं, हे चांगलंच आहे. पण कुमारप्पांचा प्रश्न त्यापुढचा होता : गावचा कच्चा माल गावात पक्का का होत नाही? हिंगणघाटच्या बाजारात येणारा कापूस आजही बराचसा गाठी बांधून बाहेर जातो.

भाजपच्या घटनेतून ‘गांधीवादी समाजवाद’ हे शब्द गेले, तरी त्याच कलमात सामाजिक-आर्थिक प्रश्नांकडे गांधींच्या दृष्टीने पाहण्याची आणि शोषणमुक्त, समतेचा समाज घडवण्याची बांधिलकी आजही छापलेली आहे. घटनेचं ते चौथं कलम. वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे : ते कलम मिळवून वाचा, आणि तुमचे आमदार पुढच्या वेळी गावात येतील तेव्हा त्याखाली या जिल्ह्यात काय काम झालं ते त्यांना नावानिशी, गावानिशी विचारा.