नारायणगडाचा चढ आणि धावण्याचा वेग

बीड जिल्ह्यातील नारायणगडाला तुम्ही गेला असाल, तर गडावर जाणारा चढ आठवा. तो पळत चढायचा म्हटले की मांड्या भरून येतात. वेगाने धावण्याचे मर्म त्या भरून येण्यातच आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच जिल्ह्यातील मांडवा (ता. आष्टी) गावचा अविनाश साबळे ३००० मीटर अडथळ्यांची शर्यत धावला. केनियाच्या अब्राहम किबिवोतला ८ मिनिटे ११.१५ सेकंद लागले, अविनाशला ८ मिनिटे ११.२० सेकंद. सरासरी वेग सेकंदाला ६.१ मीटर धरला, तर ०.०५ सेकंदात अंतर पडते ३० सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या दप्तरातली फूटपट्टी! तीन किलोमीटर धावून सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एवढेच अंतर.

अखेरचा हा वेग वाढवायचा कसा? पाय भराभर हलवून, असे वाटते ना? मलाही वाटत असे. पण इ. स. २००० मध्ये पीटर वेयांड व सहकाऱ्यांनी मोजमापे प्रसिद्ध केली. हवेतला पाय पुढे आणायला मंद आणि चपळ धावपटूंना जवळजवळ सारखाच वेळ लागतो. चपळ धावपटू जमिनीला अधिक जोराने रेटतो.

गणितच करू. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत, ४१ पावलांत तोडले. एका पावलाला सुमारे ०.२३ सेकंद. भर वेगात त्यांतील जेमतेम ०.०९ सेकंद पाय जमिनीवर असतो. गुरुत्वाकर्षण मात्र पूर्ण ०.२३ सेकंद खाली ओढते. त्याची भरपाई ०.०९ सेकंदात करायची, तर सरासरी रेटा वजनाच्या अडीचपट हवा, आणि तोही एकाच पायाने!

आता चढाकडे वळू. सपाटीवर पाऊल फार पुढे पडले, तर जमीन आपल्याला मागे रेटते. ब्रेकच लागतो म्हणा. चढावर ते तितके पुढे पडत नाही. शिवाय दर पावलाला शरीर वर उचलावे लागते, म्हणून मांड्या-पोटऱ्यांना जोर लावण्याची सवय होते. मात्र वाहने नसलेला ३०-४० मीटरचाच चढ घ्या आणि प्रत्येक धावेनंतर दोन-तीन मिनिटे विसावा घ्या. स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेट काही सेकंदांतच संपत येते. ते पुन्हा भरायला वेळ लागतो. धापा टाकत मारलेल्या फेऱ्यांनी दम वाढेल, वेग नाही.

सपाटीवर ५० मीटर आखून वेळ आणि पावले वहीत टिपा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. पावले घटली पण वेळ वाढला, तर पाऊल ताणून पुढे टाकले जात आहे, असे समजा.