उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात गंज: पिस्तुलाची निगा

पिस्तुलाचा चाप ओढल्यापासून पुढचे काडतूस नळीत बसेपर्यंत सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. तेवढ्यात स्लाइड मागे जाते, एक्स्ट्रॅक्टरचे नख रिकामे कवच ओढून बाहेर टाकते, घोडा चढतो आणि परत येणारी स्लाइड मॅगझीनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये सारते. एवढी सगळी कामे एकाच गोळीच्या धक्क्यावर होतात. त्या धक्क्याचा थोडा हिस्सा वाळूने, चिकटलेल्या तेलाने किंवा गंजाने खाल्ला, तर स्लाइड अर्ध्या वाटेत थबकते आणि पिस्तूल अडते.

नागपूरच्या हवेत हा प्रश्न वर्षातून दोनदा रूप बदलतो. मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, गरम वारे सुटतात आणि सगळीकडे धूळ बसते. मग पाऊस लागतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत ओल हटत नाही. धुळीत शस्त्र जेवढे कोरडे तेवढे बरे, तर ओलीत त्याच्या अंगावर तेल हवेच. एका ऋतूतला उपाय दुसऱ्या ऋतूत अपाय ठरतो. बाराही महिने एकाच पद्धतीने तेलपाणी केलेले पिस्तूल म्हणूनच कधी ना कधी दगा देते.

पोलिसांकडे बराच काळ असलेले पिस्तूल म्हणजे ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’. ब्राउनिंग हाय-पॉवर या जुन्या बेल्जियन रचनेवर बेतलेले हे शस्त्र पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल कारखान्यात बनते आणि त्याच्या मॅगझीनमध्ये १३ काडतुसे मावतात. काही विशेष पथकांकडे ग्लॉकसारखी नवी पिस्तुलेही आहेत. सामान्य परवानाधारकाला ९ मिमी बाळगता येत नाही, तो बोअर निषिद्ध आहे. त्याच्याकडे बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असते. यांखेरीज नागपूरचा संबंध जंगलाशी आहे. नक्षलविरोधी अभियानाचे कार्यालय शहरात, अपारंपरिक अभियानांचे प्रशिक्षण केंद्र जवळच सुराबर्डीला, आणि प्रत्यक्ष काम गडचिरोलीच्या चिखलात, नदीनाल्यांत. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे मुख्य हत्यार रायफल असली, तरी कमरेचे पिस्तूल त्याच पाण्यातून आणि त्याच धुळीतून जाते.

धूळ सगळी सारखी नसते. कन्हान किंवा वैनगंगेची वाळू मुख्यतः गारेची, म्हणजे क्वार्ट्झची. तिचा कठीणपणा मोजपट्टीवर ७ भरतो. साधे पोलाद त्याखाली असते. म्हणून स्लाइडच्या खोबणीत शिरलेला वाळूचा कण नुसता अडथळा करत नाही, तो धातू ओरखडतो. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून येणारी राख फार बारीक असते. ती तेलात कालवली गेली की तिचा लगदा होतो. काळ्या मातीचे तिसरेच. सुकलेली असेपर्यंत ती झटकता येते. ओली झाली की फटींत घट्ट बसते आणि तिथेच वाळून टणक होते. काळ्या मातीत पडलेले पिस्तूल वाळू देऊ नये, ओले असतानाच स्वच्छ पाण्याने धुवावे, हे अनेकांना पटत नाही. पण वाळलेली माती काढण्यापेक्षा भिजलेले पोलाद पुसणे केव्हाही सोपे.

धूळ आत शिरण्याच्या वाटा मोजक्याच असतात: नळीचे तोंड, कवच बाहेर पडण्याची खिडकी, चढलेल्या घोड्यामागची फट आणि मॅगझीन. यांतली सर्वांत धोक्याची वाट म्हणजे मॅगझीन, आणि दुर्लक्ष होते तेही त्याच्याकडेच. मॅगझीन म्हणजे पत्र्याची नळी, तळाशी स्प्रिंग, वर काडतूस उचलणारी पट्टी आणि तोंडाशी वळवलेले दोन ओठ. स्लाइड पुढे येण्याआधी स्प्रिंगने काडतूस ओठांपर्यंत पोचवलेच पाहिजे. आत वाळू असली तर पट्टी घासते, काडतूस उशिरा किंवा तिरपे येते आणि नळीच्या तोंडाशी अडकते. इराकमध्ये २००३ नंतर अमेरिकी सैनिकांच्या बेरेटा एम-९ पिस्तुलांबाबत अशाच तक्रारी झाल्या. पिस्तूल बरे होते, पण काही मॅगझीनांवरचा खडबडीत फॉस्फेटचा थर बारीक धूळ धरून ठेवत होता. पुढे गुळगुळीत थराची मॅगझीन काढून तो प्रश्न सोडवावा लागला.

मॅगझीनची सफाई म्हणूनच वेगळी करतात. तळाचे झाकण सरकवताना स्प्रिंग उसळते, त्यामुळे तिच्यावर अंगठा ठेवून ते काढायचे. आतली बाजू कोरड्या चिंधीने पुसायची, पट्टी आणि स्प्रिंग पुसून परत घालायची. तेल जवळजवळ घालायचेच नाही. पावसाळ्यात स्प्रिंगवर तेलाचा बोळा फिरवून लगेच कोरड्या कापडाने टिपले, तेवढे पुरे. बोटाने पट्टी दाबून सोडली तर ती न अडखळता वर आली पाहिजे. ओठ वाकलेले किंवा चिरलेले असतील तर ते मॅगझीन बाजूला काढावे. हातोडीने ठोकून सरळ केलेले ओठ भरवशाचे नसतात. ९ मिमी १ए मध्ये आणखी एक खोच आहे. मॅगझीन काढलेले असताना चाप चालू नये म्हणून आत एक छोटा दट्ट्या मॅगझीनच्या पुढच्या पत्र्यावर टेकलेला असतो. त्या पत्र्यावर माती किंवा गंज असला की चाप ओढताना जड लागतो, आणि दोष मात्र चापाच्या स्प्रिंगवर येतो.

स्लाइडच्या खोबण्यांना आणि नळी जिथे स्लाइडमध्ये अडकते त्या भागाला तेल लागते, पण थेंबभर. ते बोटाने पसरून वरचे पुसून टाकायचे. धातूवर ओलसर चकाकी राहिली की झाले. फायरिंग पिनच्या भोकात तेल सोडू नये. तिथे ते धुळीबरोबर घट्ट होते, पिन मंदावते आणि प्रायमरवर नुसता हलका ठसा उमटतो. तेल जास्त घालणाऱ्यांची पिस्तुले कमी घालणाऱ्यांपेक्षा अधिक अडतात. धुळीच्या प्रदेशात तर नक्कीच.

कोणते तेल हाही प्रश्न आहे. घरगुती उपाय म्हणून खोबरेल किंवा करडईचे तेल लावले जाते. खाद्यतेल हवेत हळूहळू चिकट होते. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजते, आणि नागपूरच्या डिसेंबरातल्या पहाटे बाटलीतले खोबरेल जसे गोठते तसेच खोबणीतलेही गोठते. रॉकेलने मळ निघतो हे खरे, पण ते उडून गेल्यावर धातू उघडा पडतो. त्यावर तेल लावले नाही तर पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस ठिपके दिसतात. शस्त्रांसाठीचे हलके खनिज तेल उत्तम.

पाण्याचे दोन धोके आहेत, एक तत्काळ आणि एक सावकाश. तत्काळ धोका नळीतल्या पाण्याचा. पाणी दाबले जात नाही. नळीत पाण्याचा किंवा चिखलाचा खांब असताना गोळी झाडली तर दाब वाढून नळी फुगू शकते, फुटूही शकते. नळीचे तोंड खाली करून स्लाइड किंचित मागे ओढली की मागून हवा शिरते आणि पाणी उतरते. चिखल मात्र असा उतरत नाही, त्यासाठी पिस्तूल रिकामे करून नळीतून गज घालावाच लागतो. फायरिंग पिनच्या जागेत भरलेले पाणी पिनेचा वेगही मारते. ग्लॉकने पाण्यात काम करणाऱ्यांसाठी पाणी बाजूला होऊ देणाऱ्या खास स्प्रिंग-वाट्या काढल्या, त्या याचसाठी.

काडतुसे त्या मानाने चिवट. लष्करी काडतुसांत गोळी आणि प्रायमर यांच्या सांध्यांवर लाख असते, त्यामुळे नाला ओलांडण्याइतक्या भिजण्याने ती बिघडत नाहीत. तासन्‌तास बुडालेली किंवा पातळ तेलात भिजलेली काडतुसे मात्र वापरू नयेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले, तेव्हा घराघरांतली कपाटे बुडाली. अशा पुरात सापडलेले परवान्याचे शस्त्र पंख्याखाली वाळवून भागत नाही. त्याच्या पोटात गाळ असतो. ते स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण सुटे करून, पाणी हटवणारे तेल मारून पुसावे लागते, आणि काडतुसे बदलावी लागतात. भामरागडला पर्लकोटेच्या पुराने रस्ता तुटतो तेव्हा तिथल्या ठाण्यांत हे काम स्वतःच करावे लागते.

सावकाश धोका गंजाचा, आणि तो पावसाची वाट पाहत नाही. मे महिन्यात बाहेर हवा हाडासारखी कोरडी असते, पण नागपूरच्या घरात वाळ्याचा कूलर रात्रभर ओली हवा फेकत असतो. त्याच खोलीच्या कपाटातले पिस्तूल भर उन्हाळ्यात गंजते. जुलैत वातानुकूलित गाडीतून उतरताच थंड पोलादावर दव धरते. कमरेला लावलेल्या पिस्तुलाची अंगाकडची बाजू घामाच्या मिठाने आधी खराब होते. मुठीचे स्क्रू, नेम धरण्याचा मागचा तुकडा आणि स्लाइडची कड इथे पहिले डाग पडतात. चामड्याचे होल्स्टर ओल धरून ठेवते आणि कमावताना वापरलेली रसायनेही त्यात उरतात, म्हणून वाहून नेण्यासाठी ते ठीक, कपाटात ठेवण्यासाठी नाही. पोलादावरचे काळेभोर नीलन दिसायला मजबूत असले, तरी तेलाशिवाय ते गंज थोपवत नाही.

रिव्हॉल्व्हर कधीच अडत नाही, हा समज खोटा आहे. कानपूरच्या कारखान्यातले .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले ‘निर्भीक’ ही दोन्ही मधोमध मोडून उघडतात. कवचे उचलणाऱ्या चांदणीच्या खाली न जळलेल्या दारूचा एक कण बसला तरी ती पूर्ण खाली बसत नाही, फिरकी घासते आणि चाप ओढवत नाही. चांदणी उचलून तिच्याखाली कोरडा ब्रश फिरवणे एवढाच त्यावर इलाज.

पिस्तूल धुळीत टिकते की नाही, हे पूर्वी कारखान्याबाहेरच ठरवले जाई. अमेरिकी लष्कराने मार्च १९११ मध्ये कोल्टच्या पिस्तुलातून दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडल्या आणि तापलेले शस्त्र पाण्यात बुडवून थंड केले. ते एकदाही अडले नाही, स्पर्धेतले सॅव्हेज पिस्तूल ३७ वेळा अडले. मग वाकडी काडतुसे घालून, वाळूत आणि चिखलात बुडवून, आम्लाने गंजवून त्याची परीक्षा घेतली. अशा परीक्षेत टिकायला सैलपणा मदत करतो: खोबण्यांत जरा सैलपणा ठेवला की कणांना बाहेर पडायला जागा मिळते. नेमबाजीच्या घट्ट पिस्तुलाला तशी सोय नसते.

सफाईला हात लावण्याआधी मॅगझीन काढायचे, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासायचे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची. हा क्रम उलटा झाला तर मॅगझीनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये शिरते आणि तिथेच राहते. एकच काडतूस रोज चेंबरमध्ये घालून काढत राहिल्यास गोळी कवचात दबत जाते आणि झाडताना दाब वाढतो. असे काडतूस वेगळे काढावे. उन्हाळ्यात तेल कमी आणि पुसणे जास्त. पहिल्या पावसाआधी सगळे धातू पुसून तेलाचा पातळ थर. ऑक्टोबरात तो थर काढून नवा. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेले शस्त्र परत मिळाले, की त्यातले जुने तेल आधी काढावे, कारण ते तोवर चिकट झालेले असते.

मालक पुसू शकतो, तेल देऊ शकतो आणि शस्त्र नेहमीपुरते सुटे करू शकतो. भाग कानसणे, स्प्रिंग बदलणे, फुगलेली नळी तपासणे ही दुरुस्ती आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार ती परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावी लागते. दुरुस्तीनंतरची चाचणीही अधिकृत नेमबाजी मैदानावरच.