मांडवीवरची संध्याकाळ

गोव्याला गेलात, तर पणजीहून सूर्यास्ताच्या वेळी सुटणारी बोट जरूर पकडा. मांडवीच्या संथ पाण्यावरचा तासाभराचा गार वारा मनावरचा ताण हलका करतो. मात्र काही पथ्ये पाळावीत. डोळ्यांना दिसणारे आणि कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला जाणवणारे जुळले नाही, की बोट लागते. म्हणून पोटभर जेवून जाऊ नका, मध्यभागी बसा, नजर क्षितिजावर ठेवा. उलटीची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, निघण्यापूर्वी घ्यावी. मळमळू लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. मावळता सूर्य पाहायला सर्वांनी एकाच कठड्याशी गर्दी करू नये, बोट कलते. लाइफ जॅकेटचे पट्टे नीट आवळा, मुलांना त्यांच्या मापाचेच घाला. पोहता येत असले तरीही!