पहिलारू मांजर आणि तिची पिले : शब्द, समजुती व संगोपन

मराठीत स्त्री बाळंत होते आणि जनावर विते. संस्कृत 'विजायते' या रूपापर्यंत मागे नेता येणारे 'विणे' हे क्रियापद गाय, म्हैस, शेळी, कुत्री, मांजर या सर्वांना सारखेच लागते. स्त्रीविषयी ते वापरले तर तो तिचा अपमान ठरतो. मात्र जनावरांमध्येही भाषेने एक सूक्ष्म भेद राखलेला आहे. पहिल्यांदाच बाळंत होणारी स्त्री ती पहिलटकरीण आणि पहिल्यांदाच विणारी गाय किंवा म्हैस ती पहिलारू. गाईम्हशींची वेते मोजली जातात, कारण दुधाचा व किमतीचा हिशेब त्यांवर अवलंबून असतो. मांजरीची वेते कोणी मोजत नाही. त्यामुळे 'पहिलारू मांजर' हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही सहसा कानी पडत नाही. परिणाम असा होतो की, पहिलारू गाईने वासराला लाथ मारली तर 'पहिलारू आहे, शिकेल' असे म्हणणारे घर, पहिल्या खेपेस गोंधळलेल्या मांजरीला मात्र 'मांजराची जातच कठोर' असे म्हणून मोकळे होते. ज्या प्राण्याच्या पहिलेपणाला नाव नाही, त्याच्या पहिलेपणाची कदरही सहसा केली जात नाही.

हा विषय साक्रीसारख्या ठिकाणी विशेष स्पष्टपणे पाहता येतो. धुळे–सुरत मार्गावरील हे तालुक्याचे गाव. भोवतालच्या खेड्यांत घरची भाषा बहुधा अहिराणी. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या एका खंडात तिची नोंद 'खानदेशी' या नावाने, भिल्ली भाषांच्या सोबत झालेली आहे. बाजरी, ज्वारी, भुईमूग व कापूस पिकविणाऱ्या या मुलखात धान्य आले की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर. जुन्या धाब्याच्या घरातील कणगीमागची सांदी, वेचणीनंतर घरातच रचलेला कापसाचा ढीग, बारदानाची चळत, कडब्याची गंजी, ही मांजरीची आवडती बाळंतघरे होत. काळोख, कोरडेपणा, उबारा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेआड असणे, एवढ्याच गोष्टी ती शोधत असते. म्हणून घरच्यांनी विण्यापूर्वीच्या आठवड्यात एखादे खोके किंवा टोपली जुने सुती कापड घालून अशाच कोपऱ्यात ठेवावी. पण तिने ती नाकारून कापसाचा ढीगच पसंत केला तर तिच्याशी वाद घालू नये.

मांजरीचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो. पहिले पिलू बाहेर येते तेव्हा ते पातळ पडद्याच्या पिशवीत असते. आईने ती पिशवी फोडावी, पिलाचे नाक-तोंड चाटून मोकळे करावे, नाळ तोडावी आणि वार खाऊन टाकावी, असा हा क्रम आहे. येथे शब्दाची व्युत्पत्ती अनपेक्षितपणे उपयोगी पडते. 'मांजर' हा शब्द संस्कृत 'मार्जार' पासून आलेला. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात 'मार्जार' बद्दल 'मंजर' व 'वंजर' ही रूपे सांगितली आहेत. आणि 'मार्जार' चा संबंध सामान्यतः 'मृज्', म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे, या धातूशी जोडला जातो. स्वतःला सतत चाटून स्वच्छ ठेवणारा प्राणी, हा त्याचा अर्थ. नाव देणाऱ्याने पाहिले ते उन्हात अंग चाटत बसलेले मांजर असावे. परंतु त्याच जिभेवर नवजात पिलाचा पहिला श्वास अवलंबून असतो. एवढेच नव्हे, तर पहिले सुमारे तीन आठवडे पिलाला स्वतः मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई त्याचे पोट व गुदभाग चाटते तेव्हाच ते घडते.

पहिलारू मांजरीची चूक होते ती बहुधा याच पहिल्या तासात. वेदनेने ती भांबावते, उठून फिरू लागते, एक पिलू चाटीत असता दुसऱ्याकडे दुर्लक्ष करते. एकादोन मिनिटांत तिने पडदा फोडला नाही तर मात्र माणसाने मध्ये पडावे : स्वच्छ हातांनी पडदा नाकावरून दूर करावा, कोरड्या मऊ कापडाने पिलू चोळावे, तोंड खाली ठेवून नाकातील द्रव पुसावा आणि पिलू पुन्हा आईच्या तोंडापाशी ठेवावे. पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पिलापर्यंत तिला सारे उमगते. दोन पिलांमध्ये अर्ध्याएक तासाचे अंतर पडले तर घाबरण्याचे कारण नाही; परंतु वीस-तीस मिनिटे जोराच्या कळा येऊनही पिलू बाहेर येत नसेल, तर पशुवैद्याला गाठण्यास विलंब करू नये. पहिल्या दिवसाचे दूध, म्हणजे चीक, प्रत्येक पिलाच्या पोटात गेलाच पाहिजे. मांजरीच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये फारच थोडी मिळतात. ती चिकातून मिळतात, आणि ती जशीच्या तशी शोषून घेण्याची पिलाच्या आतड्याची शक्ती एका दिवसाच्या आतच संपते.

यानंतरचा प्रश्न उबेचा. नवजात पिलाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते. पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडताही येत नाही. आईचे तापमान ३८ ते ३९ अंश, तर पिलाचे ३५ ते ३७ च्या दरम्यान, आणि तेही आईच्या किंवा भावंडांच्या अंगाला चिकटून असेल तरच. म्हणून पुस्तके पहिल्या आठवड्यात पिलांच्या जागी सुमारे ३० ते ३२ अंश ऊब असावी असे सांगतात. ही पुस्तके बहुतेक थंड देशांत लिहिली गेलेली आहेत, हे साक्रीत विसरून चालत नाही. धुळे जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून टोपलीच्या एका बाजूस ठेवणे योग्यच होय. एका बाजूस अशासाठी की, नको असेल तेव्हा पिलाला सरपटत दूर जाता यावे. परंतु एप्रिल-मे महिन्यांत तोच पारा ४० च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या छपराखालची खोली त्याहूनही तापते. त्या दिवसांत पुस्तकातला उपदेश उलटा वाचावा लागतो : टोपली मातीच्या भिंतीलगत, जमिनीवर, वारा खेळेल अशा जागी हलवावी आणि आईजवळ पाणी कायम ठेवावे.

पिलाला थंडी वाजते आहे की ते अडकले आहे, हे ओळखावे कसे? भाषेच्या अभ्यासकाला या साऱ्या प्रकरणात सर्वांत रस वाटावा असा हा भाग आहे. आपण पिलाच्या आवाजाला एकच क्रियापद लावतो : पिलू ओरडते, किंवा फार तर 'केविलवाणे' ओरडते. आर. हॅस्किन्स यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या परिस्थितींत पिले काढीत असलेल्या आवाजांची तुलना केली आहे. गारठलेल्या पिलाचा आवाज अधिक उंच पट्टीचा असतो, आणि आईच्या अंगाखाली दाबल्या गेलेल्या वा अडकलेल्या पिलाचा आवाज लांबत जातो. पिलाला स्वतःची ऊब राखता येऊ लागली की थंडीची ही विशिष्ट हाक नाहीशी होत जाते. हिला भाषा म्हणणे अर्थातच अतिव्याप्ती होईल. पिलू कोणाला काही 'सांगत' नाही, त्याच्या शरीराची अवस्था कंठातून बाहेर पडते इतकेच. आणि तरीही ऐकणारीच्या बाजूने पाहता भेद अर्थपूर्ण ठरतो. लांबत गेलेली हाक ऐकून आई अंग हलविते किंवा उठून बसते. पहिलारूला हा प्रतिसाद कधीकधी उशिरा सुचतो, आणि अंगाखाली चेंगरून पिलू मरण्याचे प्रकार होतात ते अशाच वेळी. घरच्या माणसाने कान तयार ठेवला तर त्याला पिलांना वारंवार हात लावून पाहावे लागत नाही. धष्टपुष्ट पिले दूध पिऊन गप्प झोपतात. सगळीच पिले बराच वेळ ओरडत राहिली तर ऊब, दूध किंवा आई यांपैकी काहीतरी कमी पडते आहे असे समजावे. उलट, एखादे पिलू थंडगार व अगदी मुके झाले असेल तर ते सर्वांत अधिक धोक्यात असते.

मांजर आपल्या पिलांना सात घरे दाखविते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. निरीक्षण खरे आहे, संख्या मात्र भाषेची आहे. सात समुद्र, सात पिढ्या, तशी ही सात घरे. जागेवर वर्दळ वाढली, अंथरूण घाण झाले, पिसवा झाल्या, ऊन येऊ लागले, बोका घुटमळू लागला, की आई पिले हलविते. शेवटचे कारण काल्पनिक नव्हे. परके बोके पिले मारतात अशा नोंदी आहेत. पिलांना घरे 'दाखविण्याचा' हेतू आपण तिच्यावर लादलेला आहे. हलविताना ती पिलाची मानगूट धरते आणि पिलू पाय पोटाशी घेऊन निमूट लोंबकळते. याच दृश्यावरून रामानुज संप्रदायातील तेंकलै शाखेचा मार्जारकिशोरन्याय निघाला : जीवाने काही न करता ईश्वराने त्याला उचलावे. वडकलै शाखेने त्याविरुद्ध आईला घट्ट बिलगणाऱ्या माकडाच्या पिलाचा दृष्टान्त घेतला. दार्शनिकांनी मांजराचे पिलू पाहिले ते केवळ उचलले जाताना. टोपलीत मात्र तेच आंधळे पिलू वासाच्या व उबेच्या आधाराने सरपटत आईकडे जाते, आणि पहिल्या काही दिवसांतच स्वतःचा एक सड ठरवून त्यासाठी भावंडांशी झगडते. आर. एफ. युअर यांनी पिलांच्या दूध पिण्याचा अभ्यास करताना १९५९ च्या सुमारास ही सडाची मालकी नोंदली होती. तेव्हा पिलू सर्वस्वी निष्क्रिय असते, हे काही खरे नव्हे.

'माणसाचा हात लागला की आई पिलू टाकते किंवा खाते' ही दुसरी समजूत. माणसाच्या वासाने असे घडत नाही. घरच्या माणसाळलेल्या मांजरीची पिले दिवसातून एकदा उचलून वजन करता येतात, आणि ते करावेच. रोज सुमारे दहा ग्रॅमची वाढ दिसली तर सारे ठीक आहे, दोन दिवस वजन वाढले नाही तर काहीतरी बिघडले आहे. मेलेले किंवा मरणोन्मुख पिलू आई कधीकधी खाते, हेही खरे; आणि अर्धवट रानटी मांजर वारंवारच्या डोकावण्याने बिथरते, हेही. म्हणजे समजुतीतला निषेध निम्मा उपयुक्त आहे, कारण मात्र चुकीचे आहे. पहिले दोन-तीन दिवस शेजारपाजारच्या मुलांना टोपलीपासून दूर ठेवावे, हे कोणत्याही आईच्या बाबतीत योग्यच होय.

प्रत्यक्षात पिले अधिक करून दगावतात ती हात लागल्याने नव्हे, तर दयेने पाजलेल्या गाईच्या दुधाने. मांजर आणि दूध ही जोडी मराठीच्या म्हणींनी इतकी पक्की केली आहे की, दूध हे मांजराचे अन्न नव्हे हे सांगावे लागते. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात. 'पचावे' म्हणून गाईच्या दुधात आणखी पाणी घातले जाते आणि पिलू भरल्या पोटी उपाशी राहते, त्याला हगवण लागते. आई नसेल तर पिलांसाठी तयार मिळणारी दूधपावडर वापरावी, किंवा विलेली दुसरी मांजर शोधावी. ती परके पिलू बहुधा स्वीकारते. पिलू पालथे ठेवूनच पाजावे, कारण उताणे पाजले तर दूध फुप्फुसात जाते. गारठलेल्या पिलाला आधी हळूहळू ऊब द्यावी, मग दूध. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावे लागते. पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने पोट व गुदभाग पुसावा. आईच्या जिभेचे ते काम आता माणसाकडे आलेले असते.

आई असेल तेव्हा पिलांची चिंता करण्याऐवजी तिच्या ताटलीची करावी. दूध पाजणाऱ्या मांजरीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते, आणि पहिल्या दिवसांत ती शिकारीला जात नाही. दूध-भाकरीवर तिचे भागत नाही. टॉरिन हे द्रव्य अन्नातून न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. ते मांसात आणि मासळीत असते, धान्यात नसते. शाकाहारी घरांपुढे येथे खरी अडचण उभी राहते. मांजर उंदरांवर निभावून नेते ही सबब या दोन महिन्यांपुरती तरी चालत नाही. निदान उकडलेले अंडे रोज द्यावे, आणि जमल्यास मांजरांसाठी मिळणारे तयार अन्न.

'अजून डोळेही उघडले नाहीत' असे आपण अजाणाविषयी म्हणतो. पिलाचे डोळे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान आपोआप उघडतात. ते बोटांनी उघडू नयेत, आणि मिटल्या पापणीखाली पू दिसला तर पशुवैद्याकडे न्यावे. तिसऱ्या आठवड्यात पिले धडपडत चालू लागतात, चौथ्यात मऊ अन्न चाटू लागतात, आठव्यापर्यंत दूध सुटते. आयलीन कार्श यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनानुसार दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाची सवय लागण्याचा काळ होय. या अवधीत रोज थोडा वेळ हाताळलेली पिले पुढे माणसाळतात. म्हणजे पहिल्या दिवसांत आवरलेला हात आता मोकळेपणाने पुढे करावा.

पिले अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येऊ शकते, आणि तिच्या मुली पाच-सहा महिन्यांच्या होताच गाभण राहू शकतात. म्हणून पिलांचे दूध सुटले की आईची आणि पुढे पिलांचीही नसबंदी करून घ्यावी, व पिले तीन महिन्यांची होताच त्यांना रेबीजची लस टोचावी. पिले दुसऱ्यांना द्यायची असतील तर आठ आठवड्यांपूर्वी देऊ नयेत, आणि सगळी एकाच दिवशी देऊ नयेत. आईचे दूध एकाएकी साठून सड सुजतात, आणि ती दोन-तीन दिवस घरभर हाका मारीत फिरते.