खाकी ड्रिल : एका कापडाची कुळकथा

यंदाच्या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेसाठी काही लिहावे, अशी शाळेची आज्ञा झाली तेव्हा भाषेच्या अध्यापकाने कापडाचा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. निमित्त अगदी घरगुती आहे. माझ्या नातवाने नुकतीच एक विजार विकत आणली. रंग ऑलिव्ह हिरवा, मांडीवर मोठे झाकणाचे खिसे, कापड जाड. आणि कोरी असूनही ती दहा पावसाळे सोसल्यासारखी विटलेली. ‘जुन्या लष्करी कपड्यांवरून घेतलेली’ अशी तिची ख्याती त्याने मला ऐकवली. ती विजार हातात घेताच मला आपल्या शाळेचे पटांगण आठवले.

आपल्या पिढीला हे कापड ‘ड्रिल’ म्हणून ठाऊक होते. ड्रिलच्या तासाला घालावयाचे म्हणून ड्रिल, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. ती चुकीची निघाली. कवायतीचा ‘ड्रिल’ हा डच भाषेतील भोक पाडण्याच्या क्रियेवरून आलेला शब्द. कापडाचा ‘ड्रिल’ जर्मन ‘ड्रिलिश’वरून, आणि तो लॅटिन ‘ट्रिलिक्स’, म्हणजे तीन धाग्यांचे, यावरून. दोन परके शब्द आपल्या पटांगणावर योगायोगाने एकत्र नांदले, एवढेच.

हे ‘तीन धागे’ काय, ते शहापूर-वडगावच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्यांना सांगावयास फारसे पडणार नाही. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जातो, पुढच्या खालून जातो. ड्रिलमध्ये दोन धाग्यांची झेप आणि एकाची गाठ असा तिघांचा क्रम असतो, आणि प्रत्येक ओळीत हा क्रम एका धाग्याने पुढे सरकतो. त्यामुळे कापडावर तिरक्या रेघा उमटतात. ही रेघ केवळ शोभेची नव्हे. धाग्यांची गुंतवण कमी झाली, की ते एकमेकांना अधिक चिकटून ठासता येतात. कापड भरीव होते आणि तरीही लवते. शिवाय ते ओढले गेले असता धागे किंचित सरकून एकत्र येतात आणि ताण वाटून घेतात, म्हणून सहजी फाटत नाही. गुडघे टेकणाऱ्या, सरपटणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे?

रंगाची कथा याहून रंजक आहे. फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. मराठीत आपण तिला राखेच्या अर्थाने वापरतो. ‘जळून खाक’ म्हणतो. १८४६ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन याने ‘गाइड्स’ ही तुकडी उभारली आणि सैनिकांना धुळीत मिसळून जाणारा वेष दिला. तोवर फौजेचा डौल लाल आणि पांढऱ्या रंगांत होता. १८५७ च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनी आपले पांढरे कपडे चहाच्या पाण्यासारख्या हाती लागेल त्या द्रव्यात बुडवून मळकट करून घेतले. मंगळूरच्या बासेल मिशनच्या विणकामशाळेतही १८५० नंतरच्या काळात खाकी कापड तयार होऊ लागले. खाकी रंगाच्या शोधाचे श्रेय तेथील हॅलर यांना देणारी परंपरा आहे.

अडचण होती ती रंग टिकण्याची. चहाचा रंग धुण्यात जाई, आणि तोही प्रत्येकाचा निराळा. रांगेत उभे राहिल्यावर पलटण ठिगळासारखी दिसे. १८८४ मध्ये लँकेशायरमधील गॅटी याने पक्क्या खाकीचे पेटंट घेतले. अशा खनिज खाकीत सूत लोह आणि क्रोमियम यांच्या क्षारांत भिजवून मग अल्कलीत बुडवीत. धातूची भस्मे तंतूच्या आतच तयार होत. ती पाण्यात विरघळत नाहीत, उन्हाने उडत नाहीत. एका अर्थी खाकी कापडात खरोखरच माती भरलेली असे!

बाकीची भावंडे थोडक्यात सांगतो. गॅबर्डीन हे टॉमस बर्बेरीने १८७९ मध्ये काढले. त्यात सूत विणण्यापूर्वीच जलरोधक करीत. पहिल्या महायुद्धातील खंदकी कोट त्याचेच. पायाला गुंडाळायची आपली ‘पट्टी’ इंग्रजीत ‘पटी’ झाली. खलाशांच्या ‘डंगरी’चे नाव तर मुंबईच्या डोंगरीशी जोडले जाते.

आता नातवाच्या विजारीकडे वळतो. रंग उडू नये म्हणून रसायनज्ञांनी जिवाचे रान केले. आजचे गिरणीवाले तोच रंग ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांनी घासून, विकरांच्या पाण्यात धुऊन मुद्दाम उडवतात. गिऱ्हाइकाला न जगलेले आयुष्य विकत हवे असते. यात मला पाप दिसत नाही. मात्र सीमारेषा आहे. भारतीय सैन्याने १५ जानेवारी २०२२ रोजी नवा लढाऊ गणवेश पुढे आणला. सत्तर भाग सुती आणि तीस भाग पॉलिएस्टर अशा कापडाचा. त्याच वर्षी त्याच्या नक्षीची रीतसर नोंदणी करण्यात आली, ती कोणीही छापून बाजारात विकू नये म्हणून. लष्करी धाटणीचे कापड वापरणे वेगळे आणि सैनिक असल्याचा भास निर्माण करणे वेगळे.

१९६५ च्या युद्धानंतर आमच्या वर्गातील एक मुलगा शाळेत आला तो ऑलिव्ह हिरव्या अर्ध्या चड्डीत. शाळेचा गणवेश खाकी. त्याचे वडील परत आले नव्हते. त्यांची विजार आईने कापून शिवली होती. कवायतीच्या नव्या शिक्षकांनी रंग पाहून त्याला रांगेबाहेर काढले. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते आपले गुरुजी वऱ्हांड्यातून पाहत होते. ते खाली उतरले, काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जागेवर नेऊन उभे केले, आणि कवायत संपेपर्यंत स्वतः त्याच्या शेजारी उभे राहिले.

ती चड्डी त्याने मॅट्रिकपर्यंत वापरली. दर जूनमध्ये आई दुमड उसवून ती बोटभर लांब करी. बाकी कापड विटत गेले. उसवलेल्या जागी मात्र मूळ गडद हिरवा पट्टा राही. शेवटच्या वर्षी असे दोन पट्टे मी मोजले होते.